नाट्यगृहाचा खर्च एफएसआयमधून नको

परळचे दामोदर नाट्यगृह 2023 च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले. 1922 पासूनची ही वास्तू, ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची. गिरणी कामगारांनी इथे नाटके बसवली, कोकणातल्या मंडळांनी दशावतार आणि शक्ती-तुरे रंगवले. रंगकर्मींनी पुनर्विकासाला विरोध केला, निवेदने गेली, वाद सरकारपर्यंत पोहोचला. नवे नाट्यगृह आधीइतके मोठे होणार की लहान, शाळेच्या इमारतीशी त्याची सांगड कशी घालणार, यावर बरेच बोलले गेले. ते बोलायलाच हवे होते. पण त्याच्या आधीचा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. शंभर वर्षे चाललेल्या नाट्यगृहाला पुढे जगायचे असेल, तर पाडून पुन्हा बांधणे एवढा एकच रस्ता त्याच्यासमोर का उरतो?

माझ्या मते त्याचे कारण असे, की आपण नाटकाला द्यायचा सार्वजनिक पैसा आणि जमिनीच्या वापराचे स्थानिक निर्णय एकमेकांत गुंतवून ठेवले आहेत. कलेला पैसा द्यायचा तो अर्थसंकल्पातून, उघडपणे, कलेच्या निकषांवर द्यावा. जमिनीवर काय आणि किती बांधायचे हे रस्ते, पाणी, उजेड, गर्दी पाहून नगररचनेच्या निकषांवर ठरवावे. एकाची किंमत दुसऱ्यातून वसूल करू नये. आज आपण नेमके तेच करतो, आणि त्यात नाटकाचेही नुकसान होते आणि शहराचेही.

हे गुंतणे होते कसे, ते नीट पाहायला हवे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली प्रत्येक शहराचा विकास आराखडा होतो आणि त्यात शाळा, बाग, दवाखाना, नाट्यगृह अशी आरक्षणे टाकली जातात. आरक्षण टाकणे सोपे. जमीन घ्यायला पैसे लागतात आणि ते नसतात. कलम 127 म्हणते, की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही तर आरक्षण व्यपगत होते. म्हणून मुंबईत 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून वेगळी वाट काढली गेली. मालकाने आरक्षित सुविधा स्वतः बांधून पालिकेला फुकट द्यायची आणि त्या बदल्यात त्याच भूखंडावर पूर्ण एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळणारे बांधकाम, वापरायचा. त्याच नियमावलीतून टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसऱ्या भूखंडावर नेण्याची सोय, हाही आला. दवाखाना, मंडई, वाचनालय, नाट्यगृह, सगळ्यांना एकच सूत्र लागू झाले.

मंडईपुरते हे सूत्र चालूनही जाईल. गाळे मोजता येतात, ओटे मोजता येतात. नाट्यगृहाचे तसे नाही. विकासक जे बांधून देतो त्याची मोजणी चौरस मीटरमध्ये आणि आसनांमध्ये होते. नाटकाला लागणाऱ्या गोष्टी त्या दोन आकड्यांत बसत नाहीत. रंगमंचाची खोली किती, विंगेत माणसाला उभे राहायला जागा आहे का, वरून पडदे ओढून घेण्याइतकी उंची आहे का, मेकअपच्या खोलीतून रंगमंचावर येताना कलाकाराला प्रेक्षकांमधून तर जावे लागत नाही ना, हे मोजणारा रकानाच परवानगीच्या कागदात नसतो.

उपनगरातल्या अशाच एका सभागृहात मी प्रयोगाच्या आधी सेट लागताना पाहिला आहे. खाली दुकाने, वर बँक, त्याच्यावर सभागृह. टेम्पो मागच्या गल्लीत उभा राहिला, कारण पुढच्या दाराशी दुकानांची गिऱ्हाइके होती. मालवाहू लिफ्ट होती, पण तिच्यात आठ फुटी फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचा तुकडा, उभा मावत नव्हता आणि आडवा वळत नव्हता. बॅकस्टेजच्या चार पोरांनी तो जिन्याने वर नेला. प्रत्येक वळणावर एक जण कठड्याबाहेर झुकून कोपरा सोडवत होता. दारातून आत गेल्यावर लक्षात आले, की दिवाणखान्याची मागची भिंत छताला लागते आहे. मग करवत आली. त्या सेटची वरची नऊ-दहा इंचांची पट्टी कापली गेली आणि पुढच्या सगळ्या प्रयोगांत ती भिंत तशीच तोकडी राहिली. कागदोपत्री मात्र हे नाट्यगृहच. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले, आसनसंख्या नियमानुसार, सुविधा हस्तांतरित झालेली. त्या बदल्यात शेजारी उभे राहिलेले मजले एव्हाना विकूनही झाले होते.

यात विकासकाला दोष देऊन काहीच हाती लागत नाही. तो नाट्यगृह बांधायला निघालेलाच नसतो. त्याला वरचे मजले हवे असतात आणि नाट्यगृह ही त्या मजल्यांची अट असते. अट कमीत कमी खर्चात पुरी करणे हा त्याचा धंदा आहे. दोष त्या रचनेचा, जिच्यात नाटकाला काय हवे हे विचारण्याची जबाबदारी कुणावरच नाही. नगररचना विभागाला नाटक कळत नाही आणि ते कळावे अशी अपेक्षाही नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाला भूखंडावर अधिकार नाही. दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत एफएसआयचा सौदा होतो.

हा अनुभव एकट्या मुंबईचा नाही. न्यूयॉर्कने 1967 साली, जॉन लिंडसे महापौर असताना, ब्रॉडवे परिसरासाठी खास नाट्यक्षेत्र जाहीर केले. कार्यालयांचा टॉवर बांधताना त्यात नाट्यगृह घातले तर विकासकाला जादा मजले मिळत. हेतू चांगलाच होता. जुनी नाट्यगृहे एकेक करून कार्यालयांच्या पोटात चालली होती आणि ती थोपवायची होती. पुढच्या काही वर्षांत त्यातून चार नाट्यगृहे झाली: यूरिस (आजचे गर्श्विन), मिन्स्कॉफ, सर्कल इन द स्क्वेअर आणि अमेरिकन प्लेस. पहिली दोन इतकी प्रचंड, की संवादावर चालणारे गद्य नाटक तिथे हरवून जाते. ती भव्य संगीतिकांचीच घरे झाली. यूरिस तर एकोणीसशेहून जास्त आसनांचे, ब्रॉडवेवरचे सर्वांत मोठे. उरलेली दोन टॉवरच्या तळघरात गेली. अमेरिकन प्लेस ही नव्या नाटककारांसाठी धडपडणारी संस्था शेवटी ती जागा सोडून गेली. शहराला नाट्यगृहे मिळाली खरी, पण कोणत्या मापाची, कोणत्या मजल्यावर आणि कोणत्या नाटकासाठी, हे ठरवले टॉवरच्या गणिताने. आणि जुनी वाचली का? 1982 च्या मार्चमध्ये एका मोठ्या हॉटेलसाठी मोरोस्को आणि हेलन हेज ही नाट्यगृहे पाडली गेली. कलावंत रस्त्यावर बसले, त्यांना अटक झाली. हॉटेलच्या पोटात एक नवे नाट्यगृह आले, पुन्हा सोळाशेच्या आसपास आसनांचे.

न्यूयॉर्कने 1998 मध्ये नियम बदलले. जुन्या नाट्यगृहांना आपल्या डोक्यावरचा न वापरलेला एफएसआय परिसरातल्या इतर भूखंडांना विकता येऊ लागला, अट अशी की नाट्यगृह नाट्यगृहच ठेवायचे. शिवाय प्रत्येक विक्रीतला काही वाटा नाट्यनिधीत. हे पहिल्यापेक्षा नक्कीच बरे, कारण वास्तू जागेवर राहते. तरी त्या निधीचे भवितव्य जमिनीच्या बाजाराला बांधलेले आहे. टॉवरला गिऱ्हाईक असेल तर नाटकाला पैसा. बाजार पडला की तो बंद, आणि नाट्यगृहाला आधाराची गरज तर मंदीतच जास्त असते.

आतापर्यंत पैशांबद्दल बोललो. गुंत्याची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. ज्याच्या हाती जागेची परवानगी, त्याच्याच हाती कलेचे अनुदान गेले, की कलेच्या आशयावर दाब आणायला त्याला काहीच करावे लागत नाही. 1999 मध्ये ब्रुकलिन म्युझियममधल्या एका प्रदर्शनातले मेरीचे चित्र न्यूयॉर्कचे महापौर रुडी ज्युलियानी यांना आक्षेपार्ह वाटले. त्यांनी शहराचे अनुदान थांबवायचे ठरवले आणि जोडीला, इमारत शहराच्या मालकीची असल्याने, म्युझियमला जागेतून काढण्याचा दावाही लावला. पैसा आणि जागा, दोन्ही दोऱ्या एकाच हाताने ओढल्या. संघराज्याच्या न्यायालयाने म्युझियमच्या बाजूने आदेश दिला म्हणून निभावले. आपल्याकडे मार्च 2025 मध्ये खारच्या हॅबिटॅट या छोट्या सभागृहात एका विनोदी कलाकाराच्या कार्यक्रमावरून तोडफोड झाली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक तिथले अनधिकृत बांधकाम पाडायला हजर झाले. बांधकाम अनधिकृत असेल किंवा नसेल. ते कार्यक्रमाच्या आधीही तसेच होते. बांधकामाचे नियम कलेच्या वादात किती झटकन हाताशी येतात, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. ज्या जागेला उद्या एफएसआय वाढवून हवा आहे, दुरुस्तीची परवानगी हवी आहे, भाडेपट्ट्याचे नूतनीकरण हवे आहे, तिचे विश्वस्त आज कोणत्या नाटकाला तारीख देतील आणि कोणत्या नाटकाला 'तारखा नाहीत' म्हणून सांगतील, हे कुठल्याही लेखी आदेशाशिवाय ठरत जाते.

उलट दिशेनेही हेच चालते. आरक्षण उठवायचे असेल, वापर बदलायचा असेल, तर प्रस्तावात 'सांस्कृतिक केंद्र' हा शब्द घालायचा. मग विरोध करणारा रहिवासी आपोआप कलेचा विरोधक ठरतो. पाण्याचा दाब आधीच कमी आहे, गल्लीत अग्निशमन गाडी वळत नाही, हे त्याचे म्हणणे नगररचनेच्या दृष्टीने अगदी रास्त असते. पण त्याला उत्तर मिळते ते मराठी रंगभूमीच्या थोर परंपरेचे. रंगभूमीची परंपरा अशी दुसऱ्याच्या कामाला वापरली जाते तेव्हा रंगकर्मींनी सर्वांत आधी बोलायला हवे. बऱ्याचदा आपण गप्प बसतो, कारण काही का असेना, एक नाट्यगृह पदरात पडते आहे ना, असे वाटते.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. पालिकांकडे पैसा नाही. एफएसआय नसता तर ही नाट्यगृहेही झाली नसती. तोकड्या भिंतीचे का होईना, एक सभागृह तरी मिळाले. लहान पालिकांच्या बाबतीत यात तथ्य आहे. पण एफएसआय फुकट असतो ही समजूत आधी सोडली पाहिजे. वाढवलेल्या प्रत्येक मजल्याची किंमत त्या वस्तीतले लोक पाणी, वाहतूक आणि उजेड यांच्या रूपाने भरतात. ती कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही, म्हणून तिचा हिशेबही कुणी मागू शकत नाही. अमुक नाट्यगृहावर पालिकेने किती कोटी खर्च केले हे विचारता येते. अमुक नाट्यगृहासाठी किती कोटींचा एफएसआय दिला, हे सांगणारे पान मला कुठे सापडलेले नाही.

दुसरे म्हणजे, मुंबईत एफएसआय रोख पैशात विकण्याची पद्धत आधीपासून आहे. 2012 पासून निवासी इमारतींना प्रीमियम भरून 35 टक्क्यांपर्यंत फंजिबल, म्हणजे नेहमीच्या मर्यादेवरचा जादा, एफएसआय मिळतो. नगररचनेच्या दृष्टीने एखाद्या ठिकाणी जादा बांधकाम खरोखर झेपणार असेल, तर प्रीमियम घ्यावा, तो तिजोरीत जमा करावा आणि नाट्यगृहाला द्यायचे ते तिजोरीतून, अर्थसंकल्पाच्या स्वतंत्र शीर्षाखाली द्यावे. पैसा तोच राहील. फरक एवढाच, की मजले द्यायचे की नाही हे ठरवताना टेबलावर नाट्यगृह नसेल आणि नाट्यगृहाला किती द्यायचे हे ठरवताना टेबलावर मजले नसतील. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींहून मोठा होता. एवढ्या शहराला आपली नाट्यगृहे नीट ठेवण्यासाठी विकासकाची वाट पाहावी लागू नये.

आणि बांधणे हा तर खर्चाचा लहान भाग. नाट्यगृह चालते ते वातानुकूलन यंत्रणेच्या देखभालीवर, प्रकाशयोजनेच्या डिमरवर, स्वच्छतागृहांच्या सफाईवर, रात्री दोनला सेट उतरेपर्यंत थांबणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारावर. एफएसआयच्या सौद्यातून यातले काहीच येत नाही. तो एकदा इमारत देतो आणि निघून जातो. पुढे दहा वर्षांनी खुर्च्या फाटतात, छत गळते, आणि पुन्हा तेच ऐकू येते, की आता पुनर्विकासच करू. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन 1962 मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले, पु. ल. देशपांडे यांच्या कल्पकतेने ते आकाराला आले आणि 26 जून 1968 रोजी सुरू झाले. पालिकेने पालिकेच्या पैशाने बांधलेले नाट्यगृह. 2018 पासून त्याचेही पाडकाम आणि नवे मोठे संकुल यांची चर्चा अधूनमधून उसळते. त्या वास्तूत गैरसोयी आहेत, हे तिथे प्रयोग करणारा कुणीही सांगेल. मात्र गैरसोय दूर करणे आणि जंगली महाराज रस्त्यावरच्या त्या जागेतून अधिक काही काढणे, हे दोन वेगळे हेतू आहेत. एकाच प्रस्तावात ते एकत्र आले, की पहिल्याच्या नावाने दुसरा पुढे जातो. रंगकर्मींमध्येही त्यावरून दोन तट पडले, ते उगीच नाही.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. राजर्षी शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेली ती वास्तू. कोल्हापूरकर रडले, आणि लगेच मागणी झाली ती होते तसे पुन्हा उभे करण्याची. राज्य सरकारने त्यासाठी निधी जाहीर केला. काम किती झाले, कुठे अडले, पैसा कुठे गेला, हे कोल्हापुरातला कुठलाही नाट्यप्रेमी आज विचारू शकतो, कारण तो निधी आहे. दामोदरबाबत असा प्रश्न विचारायचा झाला तर कुणाला आणि कोणत्या शीर्षाखाली विचारणार?

जागा आणि पैसा वेगळे ठेवणे म्हणजे नगररचनेने कलेकडे पाहूच नये असे नव्हे. आराखड्यात नाट्यगृहाचे आरक्षण असलेच पाहिजे. इंग्लंडमध्ये याची एक व्यवहार्य मांडणी आहे. तिथे कलेला अनुदान देते आर्ट्स कौन्सिल. 1946 पासूनची ही संस्था सरकारी पैसा वाटते, पण कुणाला द्यायचा हे मंत्री ठरवत नाहीत. नाट्यगृहाच्या जागेचे काय करायचे, हे स्थानिक परिषद ठरवते. मात्र 1976 च्या कायद्याने स्थापन झालेल्या थिएटर्स ट्रस्टचे मत घेतल्याशिवाय नाट्यगृह असलेल्या जमिनीच्या विकासाची परवानगी तिला देता येत नाही. विंगेची रुंदी, सेट उतरवायची जागा, शेजारच्या नव्या सदनिकांमुळे उद्या आवाजाच्या तक्रारी येतील का, असल्या गोष्टी ट्रस्ट पाहते. मत लेखी असते आणि कुणालाही वाचता येते. तिथली सगळी नाट्यगृहे वाचली असे नाही, आर्ट्स कौन्सिलवरही टीका होते. तरी जागेबद्दल सल्ला देणारे वेगळे, पैसा देणारे वेगळे आणि परवानगी देणारे तिसरे, ही विभागणी आपल्याला आजही करता येण्यासारखी आहे.

महाराष्ट्राने 2010 मध्ये सांस्कृतिक धोरण जाहीर केले, 2024 मध्ये नवे आणले. नाटकांना अनुदाने आहेत, राज्य नाट्य स्पर्धा आहे. वास्तूंच्या बाबतीत मात्र सगळे नगरविकास खात्याच्या दारात येऊन थांबते. नगररचना कायद्यात आणि 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत एवढी दुरुस्ती करावी, की नाट्यगृहाच्या आरक्षणात फेरबदल, नाट्यगृहाचा पुनर्विकास किंवा नव्या नाट्यगृहाचे नकाशे मंजूर करण्याआधी रंगमंचाचे काम जाणणाऱ्यांच्या वैधानिक समितीचे लेखी मत घेणे बंधनकारक असेल, आणि ते डावलायचे तर कारणे नोंदवावी लागतील. समितीत नेपथ्यकार हवा, प्रकाशयोजनाकार हवा, बॅकस्टेज कामगार हवा, प्रयोगांचे दौरे लावणारा व्यवस्थापक हवा. तिच्याकडे वाटायला एक रुपयाही नसावा. अनुदान वाटणाऱ्या समितीत नगररचना विभागाचा अधिकारी किंवा स्थायी समितीचा सदस्य नसावा. खासगी न्यासांच्या जुन्या नाट्यगृहांना दुरुस्तीसाठी थेट, पाच-पाच वर्षांचे अनुदान मिळावे, भाडेदरावर आणि लेखापरीक्षणावर अटी घालून. म्हणजे छत गळले की विश्वस्तांना विकासकाला फोन करावा लागणार नाही.

हे होईपर्यंत आहे त्या कायद्यातही एक खिडकी आहे, तिच्याकडे आपले लक्ष नसते. नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली आराखड्यात फेरबदल करायचा तर नोटीस प्रसिद्ध करावी लागते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना द्यावा लागतो. ही नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, सर्व्हे नंबरांच्या भाषेत येते. मार्च 2022 नंतरची जवळपास चार वर्षे तर मुंबई-पुण्यात निवडून आलेले नगरसेवकही नव्हते, प्रशासकच सगळे ठरवत होते. त्या काळात ही नोटीस हाच नागरिकांच्या हातातला मुख्य कागद होता. नाट्य परिषदेच्या शाखांनी, निर्माता संघाने, हौशी मंडळांनी आपापल्या शहरातल्या नाट्यगृहांचे आणि नाट्यगृहासाठी आरक्षित भूखंडांचे सर्व्हे नंबर आजच काढून ठेवावेत. नोटीस आली की एकच हरकत दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहावी: जागेबद्दल आमचे म्हणणे हे, आणि नाट्यगृहाच्या पैशाबद्दल हे, दुसऱ्याच्या मोबदल्यात पहिले आम्हाला मान्य नाही. सुनावणीला बोलायला दोन-तीन मिनिटेच मिळतात, म्हणून लेखी प्रत द्यावी आणि पोच घ्यावी.